छत्तीस घरांचं विरजण

अगं, आधी सगळं ऐका, मग काय हसायचं ते हसा. माझी एम.एस्सी. दह्यात बुडायला आली होती. खोटं नाही सांगत.

झालं असं, की आमच्या सरांना एक शोधायचं होतं. लहान पोरांना जुलाब लागले की आया ताक पाजतात. तर घरच्या दह्यातले जंतू जुलाबाच्या जंतूंना खरंच मारतात, की ही नुसती आपली समजूत? बशीत दोघांना शेजारी शेजारी वाढवायचं आणि कोण कुणाला हटवतो ते बघायचं. सर म्हणाले, बाजारचं दही नको, घराघरातलं हवं, आणि वेगवेगळ्या जिल्ह्यांतलं हवं. मी ताडकन म्हटलं, सर, हे तर माझ्या दारातच आहे. आम्ही चिंचवडला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतो ना, चार लाइनी, चाळीस घरं. बाबा स्टोअर्समध्ये कारकून, बाकी कुणी फाउंड्रीत, कुणी मशिन शॉपमध्ये. सातारा, जळगाव, रत्नागिरी, उस्मानाबाद, असे अकरा जिल्ह्यांचे लोक एका नळावर पाणी भरतात. सर खूश. अकरा जिल्ह्यांची अकरा विरजणं, अकरा तऱ्हेचे जंतू. मला तर प्रबंधाचं पुस्तक बांधून हातात आल्यासारखंच वाटायला लागलं.

बाटल्या कुठल्या, तर इंजेक्शनच्या. पेनिसिलीनच्या रिकाम्या, रबरी बुचाच्या. आमच्याकडे त्यांना तोटा नाही, पिंपरीचा औषधांचा कारखाना जवळच, पोरं भातुकलीत घेतात. सरांनी त्या माझ्याकडून नऊ वेळा धुवून घेतल्या. कारण तळाशी कणभर औषध राहिलं असतं तर दह्यातले जंतू बाटलीतच मेले असते, आणि महाराष्ट्राच्या दह्यात जंतूच नसतात असा शोध लावून मी मोकळी झाले असते.

मग एका रविवारी निघाले घरोघर. हातात वही. घर नंबर, गाव, दूध कुठलं, विरजण कुठलं. पहिल्या घरातल्या शालनकाकू, कोरेगावच्या, अंगानं आणि आवाजानं चारही लाइनींच्या मालकीण. त्यांनी वाटीभर दही दिलं ते वर साखर पेरून. मला दोन चमचे हवे होते, बिनसाखरेचे. ते समजावण्यात पाव तास गेला. विरजण कुठलं विचारलं तर माहेरचं, कोरेगावचं. सुमनताई जळगावच्या, त्यांचंही माहेरचं, आईनं लग्नात पितळी डब्यातून दिलेलं. रत्नागिरीच्या यशोदाबाई, माहेरचं. आमचीच आई, पद्मा, जिनं मला जन्म दिला, तिला विचारलं तर तीही म्हणाली, वाईचं, माझ्या आजीच्या हातचं. मी सगळं शहाण्यासारखं लिहीत गेले. चतुराबाई तेवढ्या म्हणाल्या की मी विरजण लावतच नाही, दुधात लाल मिरचीचे देठ टाकते, त्यावरच लागतं. मी म्हटलं वा, आणि तेही लिहिलं.

तिसऱ्या लाइनीत सत्तावीस नंबरला मंजुळाबाई. औशाकडच्या, नवरा रंगराव फाउंड्रीत. त्यांनी मला आत बोलावून स्टूल पुसलं, दह्याचं अख्खं भांडंच पुढ्यात ठेवलं, आणि लागेल तेवढं घे म्हणाल्या. चहाही टाकत होत्या. माझी अजून तेरा घरं राहिली होती. दोन चमचे घेतले आणि पळाले.

चाळीसपैकी चार घरी दही लागतच नव्हतं. छत्तीस बाटल्या बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला. पुढचे दोन महिने मी आणि त्या बाटल्या. जंतू वेगळे काढायचे, रंग लावून सूक्ष्मदर्शकात बघायचे, मग त्यांना एकेक साखर खायला घालायची. पंधरा तऱ्हेच्या साखरा असतात, कुठला जंतू कुठली खातो त्यावरून त्याची ओळख पटते. आणि तिथेच घोळ झाला. पहिल्या नंबरच्या बाटलीतला जंतू एक साखर खायला तयारच नाही. त्याच्या जातीचे सगळे ती मिटक्या मारत खातात, हा पठ्ठ्या तोंड लावत नव्हता. मला मजा वाटली. मग दुसऱ्या बाटलीतला तसाच. तिसऱ्यातलाही. सोळावी बाटली झाली तेव्हा मजा संपली होती. शेवटी हिशेब असा निघाला, की बत्तीस बाटल्यांत तोच एक हट्टी जंतू, आणि फक्त चार बाटल्यांत निराळे.

सरांनी माझी साखरांची वही बघितली, मग घराघरांची वही बघितली. चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढला की आमच्या लॅबमध्ये उंदीरसुद्धा पिंजऱ्यात गप्प होतात.

"चित्रा," ते म्हणाले, "साखर खोटं बोलत नाही. एक तर तुझ्या बाटल्या खोट्या, नाहीतर ही वही खोटी."

म्हणजे काय ते मला कळलं. त्यांना वाटलं, मी एका पातेल्यातलं दही बत्तीस बाटल्यांत भरलं आणि घरी बसून गावांची नावं लिहिली. मी शपथा घेतल्या. सर म्हणाले, शपथ प्रबंधात लिहिता येत नाही. तीस एप्रिलच्या आत सिद्ध करून दाखव की दही छत्तीस घरांतलं आहे, नाहीतर मी सही करणार नाही. आणि गाइडनं बनवाबनवी म्हणून सही नाकारली, की तुमची डिग्री गेलीच, वर कुठल्या लॅबच्या दारात उभंही करत नाहीत. हातात पंधरा दिवस.

मला आधी वाटलं, दूध. जवळजवळ अख्ख्या कॉलनीला चिखलीचे सयाजी दूध घालतात. गवळी एकच म्हणून जंतू एकच. त्यांना गाठून विचारलं, तुमच्या दुधाच्या कासंड्या कशा धुता. ते असले रागावले. म्हणाले, आमी तीन पिढ्या दूध घालतोय पोरी, असं आजवर कुनी इचारलं न्हाई, आन् तू आमच्या अंगाखांद्यावर खेळलेली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी अर्धा लिटर कमी. आणि सरांनी एका वाक्यात तो फुगा फोडला. दूध उकळतात ना, मग गवळ्याचे जंतू उरतील कसे.

मग राहिलं फक्त विरजण. पण विरजण तर छत्तीस माहेरांहून आलेलं.

तेव्हा पापडांचे दिवस होते. दुपारी पहिल्या लाइनीच्या गॅलरीत पंचवीसएक बायका पोळपाट घेऊन बसायच्या, आज हिचे पापड, उद्या तिचे. मी जाऊन मधोमध बसले, लाटणं घेतलं, आणि सरळ सांगून टाकलं की माझी डिग्री चाललीय, आणि बत्तीस घरांत जे दही लागतंय ते एकाच भांड्यातलं आहे, बहुतेक कोरेगावचं, शालनकाकूंचं, कारण कॉलनीत सगळ्यात जुन्या त्याच.

कुणी वर बघेना. सुमनताई म्हणाल्या, तुझं यंत्र बिघडलं असेल, माझं जळगावचंच आहे. यशोदाबाई म्हणाल्या, आमचं रत्नागिरीचं. आमची आई तर इतकं मन लावून लाटायला लागली की पापडातून पोळपाट दिसायला लागला. दुसऱ्याचं विरजण आपल्या घरात आहे म्हणणं म्हणजे माहेरचं नाव घालवणं. आईनं एवढंसं विरजणसुद्धा दिलं नाही होय तुला, असं कुणी म्हटलं तर. ते बोलणं मेलं तरी नको. मला हे कळायला हवं होतं, मी त्याच गॅलरीत वाढलेय. पण मी आपली विज्ञानाची विद्यार्थिनी, वहीत जे आलं ते खरं धरून चालले.

पण शालनकाकू. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड यायला लागला म्हणून सांगू. बत्तीस घरांत आपलं दही. त्यांनी लाटणं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि सुरू झाल्या. सुमन, तुझ्या राजूच्या बारशाला तू वाटी घिऊन आलीवतीस, निळ्या काठाची, अजून परत द्यायचीय ती वेगळंच. यशोदा, तू गणपतीत. आन् पद्माताई, ह्या चित्रीला कावीळ झाली तवा तुमी न्हाई का आला, दोनदा. बाईला सगळं पाठ. वार, वाटी, वेळ.

झालं, माहेरं बाजूला राहिली आणि भांडण दुसरंच सुरू झालं. यशोदाबाई म्हणाल्या, मी शालनबाईंकडून कुठं घेतलं, मी सुमनकडून घेतलं. सुमनताई म्हणाल्या, माझ्याकडून नाही, तुम्ही पद्माताईंकडून घेतलंत, माझं त्या आठवड्यात नासलं होतं. मी जुनं कॅलेंडर उलटं केलं आणि लिहायला बसले. एकाखाली एक घर, मधे बाण. उन्हाळ्यात सुट्टीला गावी गेलं की परत येईपर्यंत भांड्याला बुरशी, की चालली बाई वाटी घेऊन शेजारी. आठ-दहा वर्षं हेच. दीड तासात बत्तीस घरांचा वंशवृक्ष तयार, आणि मुळाशी शालनकाकू, राणीसारख्या.

उरली चार. दोन बिऱ्हाडं याच वर्षी आलेली, त्यांचं अजून स्वतःचं टिकलं होतं. एक चतुराबाईंचे मिरचीचे देठ. म्हटलं, आता शेवटचं, सत्तावीस नंबर. मंजुळाबाई तर आठ वर्षं इथंच आहेत, त्यांचं निराळं कसं?

सगळ्यांची लाटणी भराभर चालायला लागली. मग सुमनताई पापड उन्हात टाकता टाकता हळूच म्हणाल्या, "तिच्याकडून कोण घेणार गं."

मग मला आठवलं. रंगरावांना टीबी झाला होता. मी तेव्हा अकरावीत. सहा महिने ते छातीच्या दवाखान्यात होते, मग वर्षभर रोज इंजेक्शनं आणि गोळ्या, ती इंजेक्शनं आपल्याच पिंपरीतली. बरे होऊन कामावर आले त्याला चार वर्षं झाली. फाउंड्रीत भट्टीवर उभं राहणारा माणूस. मी गॅलरीत नजर फिरवली. पंचवीस पोळपाट होते आणि त्यात मंजुळाबाईंचा नव्हता. मी रोज तिथून येत-जात होते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आणि खरं सांगू? दुसऱ्याच क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच, की मी वाचले. ज्या घरी वाटी गेली तिथे तो जंतू, जिथे गेली नाही तिथे नाही. बाटल्या खऱ्या आहेत याचा याहून पक्का पुरावा कुठला? लाज त्यानंतर वाटली. क्रम असा होता, काय करू.

सरांना कॅलेंडर दाखवलं. त्यांनी चष्मा काढला नाही, उलट कपाटातून भिंग काढलं. म्हणाले, हे उत्तम आहे, पण सत्ताविसाचं कारण लिहावं लागेल. बाहेरून येणारा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवेल. आणि कारण त्या घराला विचारून लिही, शेजारच्यांच्या सांगण्यावरून नाही. नाव घालायचं नाही, नुसता नंबर.

म्हणजे आता सगळं मंजुळाबाईंवर. त्या नको म्हणाल्या तर पुराव्यातला खिळाच निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. या वेळी चहा झाला, आणि मी प्यायले. मग चाचरत सगळं सांगितलं. त्यांना काही नवीन नव्हतं. त्यांनीही इथं राहायला आल्या त्या वर्षी शालनकाकूंकडूनच विरजण नेलं होतं. मग हे दुखणं निघालं. दवाखान्यात फेऱ्या मारताना घरातलं दही नासलं, त्या वाटी घेऊन चार दारी गेल्या, आणि चारही दारी नेमकं त्याच दिवशी दही संपलेलं होतं. दोन महिने घरात दही नव्हतं. मग भाऊ औशाहून बरणी घेऊन आला. चार दारांतलं एक आमचं होतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, होतं म्हणून. राग नव्हता आवाजात, पत्ता सांगावा तसं सांगितलं.

मी म्हटलं, मंजुळाबाई, नाव येणार नाही. नुसतं लिहीन, घर नंबर सत्तावीस, घरात आजार होता म्हणून देवाणघेवाण बंद.

त्यांनी कप उचलता उचलता खाली ठेवला.

"होता, एवढंच लिहायलीस?"

मला समजेना. त्या आत गेल्या, पत्र्याची पेटी उघडली आणि कागदांची गड्डी आणून माझ्या मांडीवर ठेवली. दवाखान्याचे कागद. थुंकीच्या तपासण्या, दर चार महिन्यांनी एक, चार वर्षांच्या. सगळ्यांवर जंतू नाहीत. डॉक्टरांनी बोलावणं बंद केलं तरी या नवऱ्याला नेत होत्या, आणि कागद आणून पेटीत ठेवत होत्या. दाखवा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

"नंबरानं मला कोण वळखतंय?" त्या म्हणाल्या. "नाव लिव. मंजुळाबाई रंगराव. आन् ह्यांचा थुंका चार वर्सं साफ हाय, ते बी लिव. न्हाई लिवायचं आसंल तर माझं दही बी काढून टाक त्यातनं."

आता आली का पंचाईत. सर म्हणतात नाव चालत नाही, बाई म्हणतात नावाशिवाय चालणार नाही. आणि तीस एप्रिलला सहा दिवस. मी सरांच्या दारात बसून राहिले. शेवटी सरांनीच तोड काढली. तक्त्यात नंबर, आभारात छत्तीसही घरांतल्या बायकांची पूर्ण नावं, घरांच्या क्रमानं. आभार कुणाचेही मानता येतात, त्याला विद्यापीठाचा नियम नाही. आणि चर्चेच्या प्रकरणात एक परिच्छेद, सत्ताविसाबद्दल, की रोगी चार वर्षं जंतुमुक्त आहे, बारा तपासण्यांचे दाखले पाहिले आहेत, तरी शेजाऱ्यांनी देवाणघेवाण सुरू केलेली नाही. मंजुळाबाईंना जाऊन हे विचारलं. त्या म्हणाल्या, चाललं.

तोंडी परीक्षेला मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या. पांढरी साडी, बारीक आवाज. जुलाबाच्या जंतूंचं त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. त्याचं म्हणाल तर, कुणाच्याच दह्यानं त्यांचा पार निकाल लावला नाही. बशीत भोवती थोडी जागा मोकळी व्हायची, काहींची मोठी, काहींची लहान. सगळ्यात लहान शालनकाकूंच्या खानदानाची. हे मी कॉलनीत सांगितलेलं नाही आणि तुम्हीही कुणी सांगू नका, मला तिथंच राहायचंय.

तर मॅडमनी वंशवृक्षाची घडी उलगडली, त्यावरून बोट फिरवत फिरवत खाली आल्या आणि विचारलं, घर नंबर नऊ कुणाचं? मी म्हटलं, आमचं.

"मग नवाचा एकही बाण सत्ताविसाकडे का नाही?"

इतकी तयारी केली होती मी, सगळ्या साखरा पाठ होत्या. आणि विचारलं हे. म्हटलं, आम्हीही नाही दिलं, मॅडम. त्यांनी काहीतरी लिहिलं, आणि म्हणाल्या, या तुम्ही. संध्याकाळी सरांनी सांगितलं, पास. वर मॅडम म्हणाल्या म्हणे, मुलीचा माल खरा आहे.

बांधलेली प्रत घेऊन मी आधी सत्तावीस नंबरला गेले. मंजुळाबाईंनी स्वतःचं नाव बघितलं, इंग्रजी अक्षरांवर बोट ठेवून कुठून कुठपर्यंत आपलं आहे ते विचारलं. मग तो परिच्छेद मराठीत सांगायला लावला. मग पुन्हा एकदा. चार वाजले, पाणी यायची वेळ. त्यांनी कळशी उचलली आणि मला म्हणाल्या, पुस्तक घे, चल, नळावर वाच.

मी म्हटलं, सगळ्यांसमोर? त्या तोवर बाहेर पडल्या होत्या.

नळावर सगळ्या होत्या, आमची आईसुद्धा, पापडाच्या पिठानं हात पांढरे. मी वाचलं. म्हणजे इंग्रजीचं तिथल्या तिथे मराठी करत, अडखळत. चार वर्षं जंतुमुक्त. बारा दाखले. तरी देवाणघेवाण नाही. नळाची धार कळशीत पडत होती. सुमनताई हंड्याची कड पुसत राहिल्या. आई माझ्याकडे नाही, मंजुळाबाईंकडेही नाही, मधेच कुठेतरी बघत होती. मला वाटलं, आता भांडण तरी होणार, नाहीतर सगळ्या अर्धे हंडे घेऊन घरी जाणार.

तेवढ्यात शालनकाकू म्हणाल्या, "ती नावं हायेत म्हनं ना त्येच्यात, पयलं नाव कुनाचं हाय?"

मी पानं उलटायला लागले. मंजुळाबाईंनी पान सापडायच्या आत सांगितलं.

"तुमचंच हाय. घर नंबर एक."

शालनकाकूंनी पदर खांद्यावर नीट घेतला. रंगरावांच्या दुखण्यापासून त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या, आणि आता शालनकाकूंना एकदम पुष्कळच विचारायचं होतं. की नाव पूर्ण आहे ना, की नवऱ्याचं धरून आहे ना. मंजुळाबाई एकेकाला हो म्हणत होत्या. मग काकूंनी जरा आवाज खाली घेतला.

"आन् तुमचं ते औशाचं, आंबट असतंय का वो?"

"आंबट न्हाई. घट हाय. उलथन्यानं काढाया लागतंय."

"हितल्या दुधाचं? उगं काय तरी."

"बगायचं आसंल तर वाटी घिऊन या."

काकू म्हणाल्या, एवढी घागर भरली की येते. मंजुळाबाई म्हणाल्या, थंडीत गोणपाटात गुंडाळून ठेवायचं असतं. लगेच यशोदाबाई म्हणाल्या, आम्ही पिठाच्या डब्यात ठेवतो. आई म्हणाली की पिठाच्या डब्यात दह्याला वास लागतो. यशोदाबाई म्हणाल्या, वास कसला. मी तिथं पुस्तक उघडं धरून उभी. निष्कर्षाची दोन पानं वाचायची अजून बाकी होती, आणि ती कुणालाही नको होती.